खिट्टी दाराशी बसते

१६ जानेवारी, गुरुवार

चिरंजीव धाकट्या भावास,

आशीर्वाद वगैरे. हे पत्र खिट्टीबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही, तेव्हा पहिल्याच ओळीला फाडू नकोस. मी ठणठणीत आहे. तुझा पत्ता बस डेपोतल्या रंगाऱ्याने दिला. आधी देईना. म्हणाला, "ताई, त्याने कुणाला सांगू नको म्हटलंय." मी म्हटलं, मी 'कुणी' नाही, मी त्याची बहीण. मग त्याने सिगरेटच्या पाकिटावर लिहून दिला.

तर खिट्टीला दिसेनासं झालंय. झिंगलेल्या माणसासारखी खुर्च्यांना धडकत चालते. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बारा वर्षांच्या कुत्रीला भूल देणं बरं नाही, हृदय थकलंय, असं त्या म्हणाल्या. किती दिवस, असं मी विचारलं. "वर्षभर म्हणा," त्या म्हणाल्या आणि मग हात धुता धुता, "कदाचित कमी." कुत्री तुझी आहे. तुझ्या कुत्रीचं काय चाललंय ते तुला कळवणं हे माझं काम, म्हणून कळवलं. अडीच वर्षांत दुसरं कळवण्यासारखं काही घडलेलं नाही.

दुकान चालू आहे. बाबांनी रंगवलेली किल्लीची पाटी अजून आहे, रंग उडालाय पण किल्ली ओळखू येते. आता लोकांना बोट लावलं की उघडणारी दारं हवीत. माझ्याकडे येतात ते म्हातारे, आणि ज्यांच्या पेट्यांच्या किल्ल्या मेलेल्या माणसांबरोबर हरवल्या ते. मागच्या दोन खोल्या तशाच. गल्लीकडचं दारही तेच. खिट्टी दिवसभर त्या दाराशी बसते. दुकानात गिऱ्हाईक, गप्पा, सगळं असतं, पण बाईसाहेबांना तिथे करमत नाही. दाराला खालच्या बाजूला मी पत्रा ठोकलाय. बाहेर मांजर आलं की नखं ओढायची, लाकूड खराब व्हायला लागलं. कुलूपही मध्यंतरी कुरकुरत होतं, तेही खोलून साफ केलं.

ये असं मी म्हणत नाही. तुला वाटलं तर बघ. वर्षभर म्हणजे फार नसतं.

तुझी मोठी बहीण

ता. क. पिल्लू असताना दार लावायला गेलं की ही फटीत येऊन बसायची आणि दार लागायचंच नाही. "ही कसली कुत्री, ही खिट्टी," असं बाबा म्हणाले होते. सकाळी ते आठवलं, म्हणून लिहिलं. तुला माहीतच आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

ठोक्यास,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी तरी कुठे वाट बघत होते? पोस्टमन आता लांबूनच मान हलवून 'नाही' म्हणतो, तेवढंच.

आज चर्चमध्ये जे झालं ते तुला रंगाऱ्याकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच सांगते. दिसेनासं झाल्यापासून खिट्टी घरात एकटी राहत नाही. माझा आवाज बंद झाला की रडायला लागते. म्हणून तीन रविवार मी तिला चर्चला नेतेय. ऑर्गनच्या मागे, पेडलांपाशी जुनं पोतं टाकलंय, त्यावर निजते. रखवालदार म्हणाला, "देवाच्या घरात कुत्रं?" पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही मागच्या बाकावर घोरता, त्याहून कमी आवाज करते." झालं, मिळाली परवानगी.

आज प्रभुभोजन होतं. भाकरीची थाळी बाकांवरून फिरून शेवटी ऑर्गनवालीकडे येते. मी तुकडा उचलला. त्याच वेळी खिट्टीने माझ्या वह्यांच्या पिशवीत तोंड घातलं, आतला रुमाल ओढून काढला, गाठ सुटली आणि रुमालातले तुकडे फरशीवर पसरले. एक नाही, दोन नाही. सगळे भाकरीचे, वाळून खडे झालेले. सगळी मंडळी माना खाली घालून प्रार्थना करतेय आणि ही एकेक हुंगून शोधतेय आणि कडकड चावून खातेय. पहिल्या बाकावरच्या पाळकीणबाईंनी डोळे उघडले. मग त्यांच्या शेजारच्या बाईंनी. मी पेडलवर पाय दाबला आणि गाण्याची वेळ झालेली नसताना गाणं सुरू केलं. लोक गोंधळून उभे राहिले.

आता चार जणांनी पाहिलंय, तेव्हा लपवून काय करू? अडीच वर्षं मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. म्हणजे थाळीतून उचलते, पण खात नाही. मूठ तोंडाकडे नेते आणि मग रुमालात ठेवते. थाळी तशीच परत दिली तर लोक विचारतील. बाबा पंचवीस वर्षं मंडळीच्या कमिटीत होते. मी तीस वर्षं ऑर्गन वाजवतेय. आपल्या घरचं माणूस भाकर परत करतं, हे कसं दिसेल? आणि ती भाकर कचऱ्यात टाकायचा जीव होत नाही, म्हणून रुमाल.

का खात नाही ते विचारू नकोस. भूक नसते.

ताई

६ फेब्रुवारी, गुरुवार

ठोक्या,

मला वाटलंच होतं. पाळकसाहेब आज दुकानात आले, हातात एक पितळी कुलूप.

"हे अडकतंय," म्हणाले.

मी किल्ली घातली, फिरवली. लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं.

"हे अडकत नाही."

"नाही ना? मग मी जरा बसू का?"

बसले. तुझ्या स्टुलावर. खिट्टी आली, त्यांचा बूट हुंगला आणि त्यावर हनुवटी ठेवली. फितूर कुठली!

"पोट ठीक आहे ना हिचं?"

"तीस तुकडे पचवले तिने," मी म्हटलं, आणि जीभ चावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"महिन्याला एक. म्हणजे अडीच वर्षं." ते खिट्टीचे कान खाजवत होते. "तुमचा भाऊ गेला त्यालाही तेवढेच दिवस झाले असतील."

मी करवतीखाली किल्ली धरली आणि मशीन सुरू केलं. त्या आवाजात कुणाला बोलता येत नाही. ते थांबले. मशीन तरी किती वेळ चालू ठेवणार? ती किल्ली फुकट गेली.

"आधी भावाशी समेट, मग भाकर," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवता."

"मीच शिकवतो. पण त्यात जायचं असतं हो. उठून भावाकडे जायचं असतं. रुमालात साठवा असं मी कधी म्हटलं?"

"त्याला पत्र लिहिलंय."

"कशाबद्दल?"

"कुत्रीबद्दल."

ते हसले नाहीत, हे मात्र बरं केलं. मग म्हणाले, "ह्या कुत्रीने विचारलं का, की मी ह्या भाकरीच्या लायकीची आहे का? पुढे आली, खाल्ली."

"जनावर आहे ते. त्याला पाप कळत नाही."

"खरंय. पण ती परक्या जातीची बाई आठवते? मुलगी आजारी म्हणून प्रभूच्या मागे लागलेली. मेजाखालच्या कुत्र्यांनाही तुकडे मिळतात, असं तिने तोंडावर सुनावलं, आणि प्रभूने तिच्यापुढे हार मानली. मला तर वाटतं, आनंदाने मानली. आणि तुम्ही मेजावर मानाच्या जागी बसून अडीच वर्षं उपाशी." उठले, टोपी घातली. "मी का ते विचारायला आलो नव्हतो. तुम्ही जेवत नाही, एवढंच मला वाईट वाटलं."

कुलूप विसरून गेले. बहुधा पुन्हा यायचं निमित्त म्हणून.

मला फार राग आला. आता मी कुत्रीकडून धर्म शिकायचा! रागारागाने तिला फिरवायला नेलं. दारातून गल्लीत उतरायला त्या तीन पायऱ्या आहेत ना, तिथे मी "पायरी" म्हणते आणि ती पाय पुढे टाकते. चाचपत नाही, थांबत नाही. समोर काही आहे की नाही हे तिला दिसत नाही. मी म्हटलं म्हणजे आहे. आज मी मुद्दाम बघत उभी राहिले. पायरी, म्हटलं. पाय सरळ हवेत. पायरी. पाय हवेत. माझ्या शब्दावर! माझ्या, म्हणजे ज्या बाईने तिला

असो. बाजारात कोबी चांगला आलाय.

ताई

५ मार्च, बुधवार

ठोक्या,

तुझं कार्ड आलं. "डोळ्यांत कोणतं औषध घालतेस? दिवसातून किती वेळा?" संपलं. खाली सहीसुद्धा नाही. कुत्रीबद्दल दोन वाक्यं. मीच घालून दिलेला धडा, तक्रार कुणाकडे करू? पण अक्षर तुझंच. अजून 'व' आणि 'ब' सारखेच काढतोस.

दिवसातून तीन वेळा. निळ्या झाकणाची बाटली, प्रत्येक डोळ्यात दोन थेंब. दिसायला लागावं म्हणून नाही, दुखू नये म्हणून. मी तिचं डोकं गुडघ्यांत धरते. ती डोळे मिटते, पण डोकं काढून घेत नाही.

कार्ड तिच्या नाकाशी धरलं. तिने आधी नुसतं हुंगलं. मग दुसऱ्यांदा हुंगलं, आणि असा आवाज काढला की मी हातातलं काम खाली ठेवलं. ठोक्या, तसा आवाज मी एकदाच ऐकलाय. मग कार्ड हनुवटीखाली घेऊन निजली ती दुकान बंद होईपर्यंत. कोपरा चाटून शाई फिसकटवली. 'किती वेळा' आता वाचता येत नाही. माझं पाठ आहे म्हणून ठीक.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. दुकानाचं शटर ओढलं की ह्या खोल्यांत फार शांतता होते. मी रेडिओ लावते, बातम्या ऐकते, ज्या देशांची नावं येतात ते कुठे आहेत मला माहीतसुद्धा नाही. जेवायच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. रोज चारही पुसते. आईच्या खोलीतली गादी मी उन्हात टाकते आणि परत अंथरते. कुणासाठी? मी पहिल्या पत्रात ठणठणीत आहे म्हणून लिहिलं होतं. गुडघे सोडले तर आहेच. पण एकटं वाटतं रे. दिवसाकाठी माझ्या तोंडून निघणारा प्रेमाचा शब्द म्हणजे 'पायरी'. एवढाच.

पाळकसाहेब परवा कुलूप न्यायला आले आणि पुन्हा विसरून गेले.

ताई

१९ मार्च, बुधवार

ठोक्या,

हे पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आता लिहून झालं की वाचून न बघता पाकिटात घालणार आहे.

आई गेली त्या रविवारपासून सांगते. तू स्वयंपाकघराच्या दारात उभा होतास, हातात आईचा पेला. म्हणालास, "ताई, आज नको जाऊस. ती सारखी तुझं नाव घेतेय." मी केस विंचरत होते. आरशातूनच म्हटलं, "मी नाही गेले तर ऑर्गन कोण वाजवणार?" तू म्हणालास, "एक रविवार बिनऑर्गनचं गातील. देव काय बहिरा आहे?" मला त्या बोलण्याचा राग आला आणि त्या रागाच्या आधाराने मी गेले. आईच्या खोलीत डोकावलेसुद्धा नाही. डोकावले असते तर थांबावं लागलं असतं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. लोकांना सांगितलं ते एवढंच, की मी देवाच्या कामाला गेले आणि घरातला मुलगा कुत्री घेऊन भटकायला गेला. तू सांगत होतास की आईनेच पाठवलं, "हिला फिरवून आण, मला जरा पडू दे," म्हणाली. मी कबरीपाशी, सगळ्या मंडळीसमोर, माती टाकायला तू वाकलेला असताना म्हटलं, "खोटं बोलू नकोस. तू आईला एकटं मरू दिलंस." तुझ्या हातातली माती तशीच राहिली. ती तू खिशात टाकलीस, ते मी पाहिलं.

आई तसंच म्हणाली असणार. आयुष्यभर तिला काही दुखलं की ती सगळ्यांना कसलं ना कसलं काम सांगून खोलीबाहेर घालवायची. तुझ्या जन्माच्या वेळी मला अंडी आणायला पाठवलं होतं, घरात डझनभर अंडी असताना. मला हे कबरीपाशीही माहीत होतं. तू वीस मिनिटं बाहेर होतास. मी अडीच तास होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तू त्याच संध्याकाळी गेलास. जिथे राहणार होतास तिथे कुत्रं चालत नव्हतं, म्हणून खिट्टी राहिली. पुढच्या आठवड्यात मी गल्लीच्या दाराचं कुलूप खोललं. ते कुरकुरत नव्हतं. बाबांनी केलेलं कुलूप, ते कशाला कुरकुरेल? आतल्या सहाही पट्ट्या काढल्या, क्रम बदलून परत बसवल्या आणि माझ्यापुरती नवी किल्ली कापली. तू ह्याच दुकानात वाढलास. अशा कुलपात जुनी किल्ली सरळ आत जाते, फक्त फिरत नाही, हे तुला मी काय सांगू? बाबांचा नियमही तुला माहीत आहे. कुलूप बदललं की ज्याच्या ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला आधी सांगायचं. नाही सांगितलं तर तुम्ही कुलूप बदललं नाही, माणूस घराबाहेर काढलात. मी सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तू आलास. मी जेवत होते. खिट्टी उठली, तिच्या पाठोपाठ मलाही पावलं ओळखू आली. किल्ली आत गेली. फिरली नाही. तू काढून पुन्हा घातलीस. पुन्हा फिरली नाही. तोवर खिट्टी दाराला नखं ओढत होती, रडत होती, सगळं अंग हलत होतं तिचं. आता ती भुंकणार, मग तुला कळणार की आत कुणीतरी आहे. मी ताटावरून उठले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं.

घट्ट धरलं, ठोक्या. उष्ट्या हाताने. ती चावू शकली असती. चावली असती तर बरं झालं असतं, मी सोडलं असतं. ती चावली नाही, नुसती थरथरत माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा तिला दिसत होतं. तू बाहेरून "ताई?" म्हणालास. एकदाच. मी श्वाससुद्धा घेतला नाही. मग पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन.

ओरखडे मांजरांपायी नाहीत. पत्रा मी ते झाकायला ठोकलाय.

त्या संध्याकाळी मी अंधार पडला तरी दिवा न लावता खुर्चीत बसले होते. ताट तसंच पडलेलं. खिट्टी दारापासून उठली, माझ्याकडे आली आणि माझे हात चाटले. तेच हात. मग माझ्या पावलांवर हनुवटी ठेवून निजली. मी मनाला समजावलं, जनावर आहे, विसरलं. पण ती काही विसरलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी जाऊन बसली, ती आजपर्यंत बसते. तिला सगळं आठवतंय. आठवत असून माझ्याकडे येते, माझ्या हातचं खाते, माझ्या शब्दावर हवेत पाय टाकते.

तीस वर्षं मी क्षमेची गाणी वाजवली. मला वाटायचं, क्षमा म्हणजे देव पाटी पुसतो आणि विसरतो, मग सगळं सोपं. विसरणाऱ्याकडून माफी घ्यायला काय लागतं? पण ज्याला सगळं आठवतंय तो जवळ येऊन बसला, तर कुठे तोंड लपवायचं? म्हणून मी भाकर खाऊ शकले नाही. पाळकसाहेबांना सांगितलं ते अर्धंच खरं होतं.

कुलूप अजून तसंच आहे. पट्ट्या परत लावायला अर्धा तास लागतो. अडीच वर्षांत मला तो अर्धा तास मिळाला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे बाबा माझ्याकडे बघूनच म्हणायचे.

माझं चुकलं. मला माफ कर असं म्हणायचं तोंड मला नाही, तरी म्हणते.

ताई

८ एप्रिल, मंगळवार

ठोक्या,

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. हाताला काहीतरी कडक लागलं आणि मी ओळखलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला थांबवून ठेवलं आणि मागच्या खोलीत जाऊन उघडलं. तुझी किल्ली. सोबत चिठोरा, "लागते का बघ."

आधी वाटलं, किल्ली परत पाठवतात ती संबंध संपले की. पण मी किल्ल्या बघण्यात जन्म घालवलाय. ड्रॉवरमध्ये पडलेली किल्ली काळी पडते, खाचांत मळ बसतो. ही चकचकीत होती. कडा गुळगुळीत, भोकाच्या बाजूला कडीने झिजलेलं. दात बोथट झालेले, सुट्ट्या पैशांत घासून. ही किल्ली अडीच वर्षं रोज कुणाच्या तरी खिशात होती. कामाला जाताना, येताना. भिंगातून बघितलं आणि मग मला भिंगातून दिसेना. गिऱ्हाईक बिचारं बाहेर खोकत होतं.

शनिवारी दुकान उघडलंच नाही. कुलूप उतरवलं, टेबलावर कापड पसरलं, सहाही पट्ट्या बाबांनी लावल्या होत्या त्या क्रमाने लावल्या. तुझी किल्ली घातली. आत गेली, आणि फिरली नाही! मला रडूच फुटलं. मग डोकं चालवलं. दात झिजलेत, पट्ट्या पुरत्या उचलत नाहीत. कुणीही कारागीर म्हणेल, नवी किल्ली काप. "कुलपासाठी किल्ली घासायची, किल्लीसाठी कुलूप कधी नाही," हे बाबांचं वाक्य तुलाही पाठ असेल. बाबांची क्षमा मागितली आणि बारीक कानस घेतली. एकेक पट्टी तुझ्या झिजलेल्या दातांप्रमाणे घासली. लाव, बघ, काढ, घास. दुपार झाली. खिट्टी टेबलाखाली होती, पितळेचा कीस तिच्या पाठीवर पडत होता. चार वाजता कुलूप फिरलं. माझ्यासाठी तुझ्या किल्लीवरून दुसरी कापून घेतली.

परवा प्रभुभोजन होतं. रुमाल घरी ठेवला होता. थाळी आली, मी तुकडा उचलला आणि तोंडात घातला. लायकी वगैरे काही आली नाही मला. भूक लागली होती. पोत्यावरून खिट्टीने डोकं वर केलं, मी चावतेय हे ऐकलं आणि पुन्हा खाली ठेवलं. पाळकसाहेब ऑर्गनकडे अजिबात बघत नव्हते. इतकं न बघणं मुद्दामच असतं. दुपारी कुलूप घेऊन गेले.

आता खरी गोष्ट. शनिवारी कुलूप दाराला बसवल्यावर बाहेरून लावून बघायचं होतं. खिट्टीला आत ठेवलं, दार ओढलं आणि मी तू उभा होतास तिथे उभी राहिले. किल्ली घातली. फिरवली नाही लगेच, कारण आतून आवाज आला. तिची नखं पत्र्यावर. मग रडणं. मग दाराच्या फटीतून तिचा श्वास. माझ्या पावलांना तो लागत होता, ठोक्या. इतकं सगळं ऐकू येतं बाहेर. बाबांचं कुलूप पक्कं, पण दार पातळ आहे.

म्हणजे त्या दुपारी तुलाही हे ऐकू आलं. आणि मग एकदम बंद झालेलंही ऐकू आलं. भुंकायला निघालेलं कुत्रं आपणहून असं मध्येच थांबत नाही. ते तुझं कुत्रं होतं. तुला कळलं होतं. "ताई?" तू म्हणालास ते मी घरात आहे का हे विचारायला नव्हतं.

मी चार पानं लिहून तुला सांगितलं ते तुला तिसरी पायरी उतरतानाच माहीत होतं. तरी ती न लागणारी किल्ली तू रोज खिशात घातलीस. मी किती तरी वेळ तिथेच उभी होते. शेजारीण विचारायला आली, किल्ली हरवली का म्हणून. मी म्हटलं, नाही, सापडली.

किल्ली सोबत पाठवतेय. तुझी आहे. लागते.

खिट्टीला आता पायऱ्या न चढताही धाप लागते, डॉक्टरीणबाई मान हलवतात. तेव्हा लवकर म्हणता येईल तितक्या लवकर. मी दुकानात असले तरी दुकानातून येऊ नकोस, गल्लीच्या दाराने ये. पत्रा मी काढून टाकलाय. ती दाराशीच असेल. तिला दिसत नाही, म्हणून किल्ली घालायच्या आधी बाहेरून आवाज दे.

ती भुंकेल. ह्या वेळी तिचं तोंड कुणी धरणार नाही.

तुझी ताई